गाडीची रिमोट चावी दगा देते तेव्हा: मुंबईतले सेल, चावीवाले आणि सर्व्हिस सेंटर

मुंबईत गाडीची रिमोट चावी कधी चालते, कधी नाही असं वागू लागली की माणूस चारपैकी एका ठिकाणी जातो: नाक्यावरचं घड्याळाचं दुकान, रस्त्याकडेला मशीन मांडून बसलेला चावीवाला, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातला रिपेअरवाला, नाहीतर कंपनीचं सर्व्हिस सेंटर. इथे या चौघांचं आणि सोबत लागणाऱ्या सामानाचं परीक्षण आहे. निकाल आधीच सांगायचा तर चौघेही आपापल्या कामात तरबेज आहेत, पण प्रत्येकाकडे सगळ्या तक्रारींवर एकच औषध असतं. घड्याळवाला सेल बदलतो, चावीवाला नवी चावी विकतो, रिपेअरवाला स्विच बदलतो आणि सर्व्हिस सेंटर अख्खा सेट मागवतं. बिघाड कुठे आहे हे घरी ठरवून मगच बाहेर पडलं तर खर्च बराच खाली येतो. ठरवायला अर्धा तास आणि एक साधा मल्टिमीटर पुरतो.

रिमोट चावीत दोन वेगवेगळ्या वस्तू एकाच डबीत बसवलेल्या असतात, हे आधी नीट समजून घ्यावं. एक म्हणजे रेडिओ ट्रान्समीटर. बटण दाबलं की तो ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या आसपास संदेश सोडतो आणि सेंट्रल लॉक उघडतं. याला सेल लागतो. दुसरी वस्तू इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, चिप. तिला सेल लागतच नाही. इग्निशनच्या भोवती एक कॉइल असते, तिच्या कमी फ्रिक्वेन्सीच्या, साधारण १२५ किलोहर्ट्झच्या क्षेत्रातून चिपला तेवढ्यापुरती वीज मिळते आणि ती आपला कोड गाडीला सांगते. म्हणून दार उघडत नाही पण चावी फिरवल्यावर गाडी बिनतक्रार सुरू होते, तेव्हा दोष रेडिओच्या बाजूला असतो: सेल, सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या, बटणाखालचा स्विच किंवा बोर्ड. उलट दार उघडतं, सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही किंवा दोन सेकंदांत बंद पडतं आणि डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकतं, तेव्हा संशय चिपवर. अशा वेळी सेल कितीही बदला, फरक पडणार नाही.

मग कपाटातली दुसरी चावी काढा. दोन्ही चाव्या एकसारख्या रुसल्या असतील तर चाव्यांना सोडा, गाडीकडे बघा. आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरलेली असते, एखाद्या दाराचा स्विच अडकल्याने गाडीला दार उघडंच वाटतं, एखादा फ्यूज उडालेला असतो, नाहीतर रिसीव्हरच बिघडलेला असतो. लायटर सॉकेटमध्ये खोचलेला स्वस्तातला मोबाइल चार्जर किंवा डॅशकॅमचा ॲडॉप्टर एवढा रेडिओ गोंगाट करतो की शेजारी उभं राहूनही लॉक दाद देत नाही. तो काढून बघायला काही खर्च नाही. आणि चावी फक्त सोसायटीच्या एका ठरावीक जागेत चालत नसेल, बाहेर रस्त्यावर ठणठणीत चालत असेल, तर ती चांगली आहे. गेटचे रिमोट, वायरलेस बेल, टायर प्रेशरचे सेन्सर अशी बरीच मंडळी याच ४३३च्या पट्ट्यात बोलतात.

मोबाइलचा कॅमेरा समोर धरून चावी तपासण्याची युक्ती बऱ्याच व्हिडिओंत दिसते. ती टीव्हीच्या रिमोटसाठी आहे. तिथे इन्फ्रारेड प्रकाश असतो, तो कॅमेऱ्याला दिसतो. गाडीची चावी रेडिओवर चालते, कॅमेऱ्यात काहीही दिसणार नाही. चावीवरचा छोटा लाल दिवा लागला म्हणजे संदेश गेलाच, असंही नाही. दिव्याला थोडी वीज पुरते, ट्रान्समीटरला जास्त लागते. खात्रीची परीक्षा म्हणजे चावीवाल्याकडचा फ्रिक्वेन्सी टेस्टर. त्यावर चावी धरून बटण दाबलं की आकडा येतो किंवा येत नाही. जो चावीवाला हे न करता थेट नव्या चावीचा भाव सांगतो, त्याला नमस्कार करून पुढे जावं.

आता सेल. दहापैकी बहुतेक तक्रारी इथेच मिटतात, आणि सगळ्यात जास्त गफलतीही इथेच होतात. नंबर सेलवर आणि बऱ्याचदा डबीच्या आतही कोरलेला असतो. सीआर २०३२ म्हणजे व्यास २० मिमी आणि जाडी ३.२ मिमी. सीआर २०२५ची जाडी २.५, सीआर २०१६ची १.६ मिमी. सीआर १६२० आणि १६३२ हे १६ मिमी व्यासाचे. सगळे ३ व्होल्टचे, म्हणून ‘चालतोय साहेब’ म्हणत दुकानदार २०३२च्या जागी २०२५ बसवून देतो. तो चालतोही, पण ०.७ मिमीची फट राहते. पट्टी जेमतेम टेकते आणि चावी पडली किंवा खिशात दाबली गेली की संपर्क तुटतो. ‘मधूनमधून चालते’ या तक्रारीचं हे अगदी नेहमीचं मूळ आहे. शिवाय २०३२ची क्षमता साधारण २२० मिलिॲम्पिअर-तास असते, २०२५ची सुमारे १६०. म्हणजे तो संपतोही लवकर. एलआयआर २०३२ दिसायला हुबेहूब तसाच, पण तो रिचार्जेबल आहे आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. तो चावीत घालू नये.

सेल नुसता मीटरवर मोजून ‘३ व्होल्ट आहे, चांगला आहे’ म्हणणं हा दुसरा घोटाळा. लिथियमचा नाणेसेल शेवटपर्यंत व्होल्टेज टिकवून धरतो. वाढत जातो तो त्याचा आतला रोध. चावी संदेश सोडते त्या क्षणी दहा-पंधरा मिलिॲम्पिअर ओढले की म्हाताऱ्या सेलचं व्होल्टेज कोसळतं, बटण सोडलं की पुन्हा वर येतं. म्हणून लोड देऊन मोजा. १०० ओहमचा रेझिस्टर सेलच्या दोन टोकांना एक-दोन सेकंदच लावा आणि त्याच वेळी मीटर बघा. नवा सेल २.७-२.८ व्होल्टच्या आसपास तग धरतो. २.५च्या खाली घसरणारा सेल काढून टाका, मग तो मोकळा असताना ३.०१ दाखवो की ३.०५. सेल दमला असल्याची आणखी एक खूण: सकाळी एसी खोलीतून बाहेर काढलेली चावी हट्टीपणा करते आणि दुपारी खिशात गरम झाली की सुतासारखी चालते. थंडीत आतला रोध वाढतो, म्हणून.

कंपन्यांचं म्हणाल तर पॅनासोनिक, मॅक्सेल, मुराता, एनर्जायझर यांत चावीच्या दृष्टीने डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. ड्युरासेलच्या नाणेसेलवर लहान मुलांनी गिळू नये म्हणून कडू लेप असतो. हेतू उत्तम आहे, कारण गिळलेला नाणेसेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो. पण काही उपकरणांत हा लेप नेमका पट्टीखाली येतो आणि संपर्क अडतो. अशा लेपाचे सेल एअरटॅग या वस्तू शोधायच्या बिल्ल्यात चालतीलच असं नाही, हे ॲपलनेच सांगून ठेवलं आहे. नवा सेल घालूनही चावी मुकी राहिली तर सपाट बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघा. ब्रँडपेक्षा महत्त्वाचं आहे ते पाकीट. फूटपाथवर किंवा काउंटरच्या बरणीत सुटे, एकमेकांना घासत पडलेले सेल घेऊ नका. ते आपसात शॉर्ट होऊन अर्धे रिकामे झालेले असतात. बंद ब्लिस्टरमधला, तारीख छापलेला सेल केमिस्टकडेही मिळतो आणि शंभर रुपयांच्या आतबाहेर काम होतं.

डबी उघडताना चाकू घालू नका. कडेला एक खाच दिलेली असते. तिथे प्लास्टिकची पट्टी किंवा कापडात गुंडाळलेलं नाणं घालून हलकेच पिळा. सेल कोणत्या बाजूने वर होता, याचा फोटो आधीच काढून ठेवा. सगळ्या चाव्यांत अधिकची बाजू वरच असते, असं नाही. नवा सेल कडेने धरा आणि धातूच्या चिमट्याने उचलू नका. डबीत रबरी रिंग असेल तर ती तिच्या खोबणीतच बसली पाहिजे. मुंबईच्या जुलैत तेवढीच रिंग आतल्या बोर्डाची राखण करते.

सेल बदलूनही लॉक दाद देत नसेल तर लगेच ‘कोडिंग उडालं’, म्हणजे गाडीतली चावीची नोंदच गेली, असं म्हणू नका. प्रत्येक दाबण्याला चावी नवा कोड पाठवते आणि गाडी पुढचे काही कोड मान्य करते. कीलॉक नावाच्या बऱ्याच वापरल्या गेलेल्या पद्धतीत ही सवलत १६ कोडांची असते. त्यापुढे गेलेली चावीही लागोपाठ दोन वेळा दाबली की गाडी हिशोब जुळवून घेते. म्हणजे घरात मुलांनी चावीशी खेळ मांडला असेल तर गाडीजवळ उभं राहून बटण दोन-तीनदा दाबा. काही गाड्यांत चावी इग्निशनला लावून ‘ऑन’वर फिरवायची आणि मग लॉकचं बटण दाबायचं असतं. ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. आपल्याकडे पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये पॉलिथिनसकट जपून ठेवलेली असते, ती या निमित्ताने उघडावी.

डबी अंगठ्याने चेपली की चालते आणि सोडली की बंद पडते, अशी चावी असेल तर दोष सेलच्या पट्टीत किंवा तिच्या सोल्डरच्या टाक्यात असतो. पट्टी लाकडी टूथपिकने अर्धा-एक मिमी वर उचला. हिरवट-पांढरी बुरशी, म्हणजे रिपेअरवाले ज्याला ‘कार्बन आलाय’ म्हणतात ती, दिसली तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल आणि जुना मऊ टूथब्रश पुरे. अत्तर, थिनर, पेट्रोल नको. गंज काढायचे तेलकट स्प्रेही नकोत. ते संपर्कावर थर सोडतात. घड्याळवाले सेलखाली कागदाची घडी सारून देतात, तो तात्पुरता इलाज म्हणून चालेल. सिगारेटच्या पाकिटातली चांदी मात्र कधीही घालू नये, ती सरकली की सरळ शॉर्ट.

एकच बटण रुसलं असेल आणि बाकीची ठीक असतील तर शंका नको, तो स्विच गेला. बहुधा लॉक-अनलॉकचाच जातो, कारण डिकीचं बटण कोण रोज दाबतं? बोर्ड बाहेर काढून मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे जोड तपासायच्या खुणेवर ठेवा आणि स्विच दाबा. चांगला स्विच शून्याच्या जवळ दाखवतो, झिजलेला शेकडो ओहम किंवा काहीच नाही. काही चाव्यांत स्विच नसतो, रबराच्या पोटातला काळा कार्बनचा तुकडा बोर्डावर टेकतो. ते नुसतं पुसूनही कितीतरी वेळा जिवंत होतं.

स्विच बदलायचं काम ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर करून घ्यावं. नकाशावर त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून उपयोग नाही. हे सूक्ष्म स्विच तिथे मापावर मिळतात: लांबी, रुंदी, उंची आणि पाय किती. उंची चुकली तर नवा स्विचही निरुपयोगी. अर्धा मिमी जास्त असेल तर डबी बंद केल्यावर बटण कायमचं दाबलेलं राहतं, कमी असेल तर बोट पोचत नाही. म्हणून जुना बोर्ड सोबत न्या आणि व्हर्निअरने मोजायला लावा. तिथल्या कारागिरांचा हात मोबाइलच्या बोर्डांवर बसलेला असतो, चावीचा बोर्ड त्यांना सोपाच. आमचा आक्षेप एकच: घाईत हॉट एअर गन मारतात. स्विचचं प्लास्टिक वितळतं आणि शेजारचे भाग सरकतात. सेल काढून, साध्या सोल्डरिंग आयर्नने, साडेतीनशे अंशांच्या आत काम करा, असं सांगायला लाजू नका. त्याच बैठकीत सेलच्या पट्टीचे टाके पुन्हा मारून घ्या; ड्राय सोल्डर, म्हणजे सुटू लागलेला टाका, असेल तर तिथेच मिटतं. चावी उंचावरून पडल्यानंतर दिवा लागतो पण रेंजच नाही, असं झालं असेल तर फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल तडकला असण्याची शक्यता मोठी. तोही बदलता येतो, मात्र अगदी त्याच नंबरचा लागतो.

ऑनलाइन मिळणारी रिकामी कव्हरं स्वस्त असतात आणि फाटक्या रबराच्या चावीला नवं रूप देतात. पण घेताना ब्लेडचा, म्हणजे कुलपात जाणाऱ्या लोखंडी पात्याचा आकार, बटणांची संख्या, सेलच्या पट्टीची जागा आणि चिपसाठीचा कप्पा, हे चारही फोटोत जुळवून पाहा. सगळ्यात मोठा अपघात इथेच होतो. बऱ्याच चाव्यांत इमोबिलायझरची चिप बोर्डावर नसून जुन्या कव्हरच्या कोपऱ्यात चिकटवलेली असते, नखाएवढी काळी वडी. लोक बोर्ड नव्या कव्हरमध्ये घालतात, जुनं कव्हर कचऱ्यात जातं आणि गाडी सुरू होत नाही. कव्हर टाकण्याआधी त्याचा प्रत्येक कप्पा तपासा. फ्लिप चावीची, म्हणजे बटण दाबल्यावर पातं बाहेर येणाऱ्या चावीची, बारीक पिन पंचाने सरळ ठोकून काढायची असते आणि आतली स्प्रिंग उडून जाते, तेव्हा हे काम ताटात करा. काही मूळ कव्हरं कारखान्यातच कायमची जोडलेली असतात आणि कापूनच उघडतात. ती चावीवाल्यावर सोडावीत. वरून चढवायची सिलिकॉनची टोपणं आम्हाला पसंत नाहीत. घट्ट असली तर बटण दाबून धरतात. ज्या बोर्डात आपोआप थांबायची सोय नसते तिथे १० मिलिॲम्पिअरच्या हिशोबाने २२० मिलिॲम्पिअर-तासांचा नवा सेल एका दिवसात संपतो.

पावसात चावी भिजली तर पहिलं काम सेल काढणं. पाण्यापेक्षा पाणी आणि वीज एकत्र आली की बोर्डाच्या रेषा खाल्ल्या जातात. मग आयसोप्रोपिलने धुवा आणि पंख्याखाली दिवसभर वाळवा. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने फक्त पीठ आत जातं. समुद्राचं पाणी असेल तर आधी बोर्ड पिण्याच्या पाण्यातून काढा, नाहीतर मीठ आतच राहतं.

रस्त्यावरचे चावीवाले नवी चावी कापण्यात आणि कोडिंगमध्ये वाखाणण्यासारखे आहेत. साध्या चावीच्या गाडीला जोडीची दुसरी चावी करायची असेल तर पैशाला मोल देणारी जागा हीच. त्यांच्याकडे केडी किंवा एक्सहॉर्स कंपनीची, अनेक गाड्यांना चालणारी युनिव्हर्सल रिमोट असतात, डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या सॉकेटला) मशीन लावून ती गाडीत नोंदवतात. दोन गोष्टींवर ठाम राहा. घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या, कारण अनेक गाड्यांत नवी चावी नोंदवताना जुन्यांची नोंद पुसली जाते आणि हजर असलेल्याच पुन्हा नोंदवता येतात. आणि गाडीची बॅटरी अशक्त असेल तर चार्जर लावल्याशिवाय कोडिंग सुरू करू देऊ नका. मध्येच व्होल्टेज पडलं तर गाडीचं कंट्रोल युनिट अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकतं. त्याची दुरुस्ती चावीच्या कितीतरी पट महाग असते. सेल आणि सोल्डरिंग मात्र यांच्याकडे नको, त्या कामात त्यांना रस नसतो आणि ते हातावर दिसतं.

पुश स्टार्टच्या स्मार्ट चावीसाठी आम्ही सर्व्हिस सेंटरच सुचवू. चासी नंबरवरून चावी मागवतात, आरसी आणि ओळखपत्र मागतात, दिवस लागतात आणि बिल डोळ्यात पाणी आणतं, पण काम पक्कं. चावी हरवली असेल तर मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवल्याची नोंद करून ती प्रत सोबत ठेवा. विम्यात चावी बदलण्याचं ॲड-ऑन घेतलं असेल तर तेही बिल फाडायच्या आधी बघा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातल्या गाड्यांच्या स्मार्ट चाव्या मोहात पाडतात. बऱ्याच चाव्या पहिल्या गाडीशी कायमच्या बांधलेल्या असतात, त्यातून कव्हर आणि ब्लेडपलीकडे काही मिळत नाही. सेल बदलायला सर्व्हिस सेंटरला जायची गरज नाही. स्मार्ट चावीचा सेल पूर्ण संपला तरी तिच्या पोटात दाराची लोखंडी चावी असते आणि ब्रेक दाबून चावीच स्टार्ट बटणाला टेकवली की बऱ्याच गाड्या सुरू होतात. काही गाड्यांत टेकवायची जागा स्टीअरिंगच्या दांड्याशी किंवा कप होल्डरमध्ये असते. ‘की नॉट डिटेक्टेड’ मधूनमधून येत असेल तर चावी मोबाइलपासून आणि चालू चार्जरपासून वेगळ्या खिशात ठेवून आधी बघा.

काम कोणाकडूनही करून घ्या, पैसे देण्याआधी तिथेच उभं राहून तपासणी करा. दहा पावलांवरून प्रत्येक बटण पाच वेळा दाबा, डिकीचंही. ब्लेड दाराच्या कुलपात आणि इग्निशनमध्ये अडखळत नाही ना, हे फिरवून पाहा. गाडी सुरू करून निदान अर्धा मिनिट चालू ठेवा, कारण चिप नीट नोंदवली नसेल तर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं. जुनी चावीही अजून चालते का, तेही बघा, आणि जुना बोर्ड व जुनं कव्हर मागून घ्या.